हाय की

मांजरसुंब्याच्या लॉजवर चादरी मी धुतो, मशिनी माझा जोडीदार दुरुस्त करतो. काहीही विचारा, मान वर न करता म्हणतो, "हाय की." वीज टिकत नाही म्हणून त्यानं कपडे वाळवायच्या मशीनमधली कॉइल काढून जीपचा जुना रेडिएटर बसवला, आणि लाकडावर तापणाऱ्या बंबाची नळी त्याला जोडली.

मी विचारलं, "वाफ कोंडली तर सोडायची सोय हाय का?"

"हाय की."

बाभळीचं लाकूड पेटलं, बंब धडधडायला लागला. आम्ही बाकीचे बाहेर पळालो, तो आतच राहिला. त्यानं हाताला ओलं फडकं गुंडाळून बंबाचं बूच फिरवलं. वाफेत तो दिसेनासा झाला.

भाजलेला हात झटकत तो बाहेर आला. माझं डोकं फिरलं होतं.

"सोय हाय म्हनलास ना बे? कुठं हाय?"

"मी हाय की."