सागाला पानं फुटल्यावर

बोथ गावाच्या पुढे, ओढ्यापलीकडच्या एका गावात मला इंटरनेट न्यायचं होतं. आमच्या काठावरच्या शेवटच्या घरापर्यंत फायबर मी स्वतः खांबांवर चढून ओढली. पुढे सागाचं जंगल. तिथे खोदायची परवानगी नाही, खांबाचीही नाही. म्हणून तिथून सिग्नल हवेतून: या काठाला एका गच्चीवर डिश, पलीकडे गावाच्या पाण्याच्या टाकीवर दुसरी, समोरासमोर.

सगळ्यांत उंच गच्ची किराणा दुकानवाल्या मावशींची. त्यांनी तिच्या बदल्यात कायमचं फुकट कनेक्शन मागितलं. मी भडकलो. केबल टीव्हीच्या काळात सायकलला वायरचं भेंडोळं अडकवून मी धंदा उभा केलाय; फुकट हा शब्द मला सोसत नाही. शेजारच्या बैठ्या घराचा मालक अर्ध्या दरातल्या कनेक्शनवर तयार झाला. डिश तिथे लावली.

भर उन्हाळा होता. साग झडून नुसत्या काड्या उरलेल्या, त्यांच्यामधून टाकी लख्ख दिसायची. डिश विकणाऱ्या कंपनीचा हैदराबादी माणूस येऊन बघून गेला, ‘लाइन क्लिअर’ म्हणाला. नेट सुसाट चाललं. मग पावसाळ्यात सागाला सुपाएवढी पानं फुटली आणि नेट बंद! ओल्या पानांतून सिग्नल जाईना. कंपनीवाल्याला फोनवर झापलं, तर मलाच म्हणतो, “पेड़ तो आपके गाँव के हैं, सेठ.”

पलीकडच्या गावाने निरोप धाडला, “या आठवड्यात चालू करा, नाई तर आमी दुसऱ्याचं घेतो.” सगळं गाव हातचं जाणार होतं. मी मावशींच्या दुकानात गेलो.

“मावशी, गच्ची पाहिजे.”

“काऊन? शेजारची बुटकी पडली का?”

“तुमचं कनेक्शन फुकट.”

“ते उन्हाळ्यातलं बोलणं होतं, बापू. आता माह्या लेकीच्या घरचंबी फुकट पाहिजे.”

“लेक कुठं असते?”

“त्याच गावात. नेट नाई म्हणून रोज माह्या नावानं बोंबलून राह्यली.”

लेकीला अर्धा दर लावतो म्हणालो. मावशी डाळ तोलत राहिल्या. पाव दर म्हणालो. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला साखर काढली. शेवटी दात-ओठ खात हो म्हणालो आणि त्याच दुपारी गच्चीवर पाइप उभा केला. डिश सागाच्या शेंड्यांवरून थेट टाकीशी बोलू लागली. गाव टिकलं.

नेट आल्यावर पलीकडून पहिला फोन मावशींच्या लेकीचा. स्पीड कमी आहे म्हणे. पैसे भरणाऱ्यांपैकी एकाचीही तक्रार नव्हती.