पाऊण तासाचं औरंगाबाद

नव्या लुगड्याच्या खळीचा वास आला, की मला ते विमान आठवतं. तेव्हा मी तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहत होतो. औरंगाबादच्या धाकट्या बहिणीनं एकदा माझी भाऊबिजेची साडी परत पाठवली, तेव्हापासून मी तिची पायरी चढलो नाही. ती बोलवायची, मी सांगायचो, "लांब पडतं, अख्ख्या रात्रीची यष्टी हाय." सात वर्षं हेच चाललं. मग एका सकाळी गाळ्यावर दाजींचा फोन आला, "ती गेली. सवाष्ण गेली, माहेरचं लुगडं नेसवूनच न्यायची. दुपारपर्यंत थांबतो." शेठनं तिकीट काढून मला विमानात बसवलं. वाटेत घेतलेलं हिरवं लुगडं मांडीवर घट्ट धरलं होतं. शेजारचा म्हणाला, "काका, घाबरू नका, पाऊण तासात उतरतो आपण." मी म्हटलं, "पाऊणच?" तुर्भ्याहून विमानतळ गाठायलाच त्याच्या दुप्पट वेळ लागला होता. बहिणीच्या दारात सगळी माणसं खोळंबली होती. भाचीनं माझ्या हातातलं लुगडं घेतलं आणि म्हणाली, "मामा, आज नाही लांब पडलं?" मी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. तिचं मात्र खाली मान घालून ऐकलं, आणि अजून ऐकतोय.