सॅम्पल फ्लॅटमधले भरलेले डबे

आपल्या चाळीतल्या मजल्यावरच्या सगळ्यांनो, तुम्हाला आठवत असेल, आमचा टेम्पो लालबागच्या गल्लीत भरून उभा होता आणि आमची आई गायब होती. बाबा चिडले होते. आई मात्र दारोदार डबे परत देत फिरत होती. दोन दिवस तळलेल्या शंकरपाळ्या तिने तुमच्याच डब्यांत भरल्या होत्या. "रिकामो डबो कोणाक देऊचो नसता," एवढं म्हणून ती टेम्पोत बसली आणि आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो. मी तेव्हा नववीत होते.

त्यानंतर ती लालबागला फिरकली नाही. चाळ पडली, तुम्ही कोणी विरारला गेलात, कोणी बदलापूरला, एक घर तर थेट कॅनडाला. चल, एकदा जाऊन येऊ म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "थंय आता आपला कोण आसा?" डोंबिवलीत आमचं छान चाललं होतं, खोटं कशाला बोलू? घरात नळ, खिडकीला ग्रिल, ग्रिलमध्ये तुळस. फक्त शेजारची दारं बंद असायची आणि डबे आपापल्या घरात राहायचे.

माझी मुलं मोठी झाल्यावर मी इंटिरियरचा कोर्स केला. आता नव्या टॉवरचे, गिऱ्हाइकांना दाखवायचे सॅम्पल फ्लॅट सजवते, म्हणजे जिथे कोणी राहत नाही ते घर राहतं वाटायला लावते. गेल्या वर्षी आपल्या चाळीपासून दोन गल्ल्यांवरचं काम आलं आणि ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या मॅडमनी पहिल्यांदाच किचन माझ्या एकटीवर सोपवलं. थीम होती 'जुनं लालबाग'. मला आधी हसू आलं. मग मनाने घेतलं, की आईला हे दाखवायचंच.

बाजारातून चकचकीत तांब्याची भांडी आणली, तर किचन हॉटेलासारखं दिसायला लागलं. शेवटी आईचे नाव कोरलेले स्टीलचे डबे मागितले. तिने लगेच दिले. "तू ने. मी येवचंय नाय," हेही लगेच सांगितलं.

पिशवी उचलतानाच मला कळायला हवं होतं. साइटवर उघडून बघते तर एकात चिवडा, एकात शंकरपाळ्या, एकात बेसनाचे लाडू. सॅम्पल फ्लॅटमध्ये खाण्याचा कणही ठेवत नाहीत, मुंग्या येतात. मी आईला फोन लावला.

"कोणी उघडून बघल्यान तर काय म्हणतला?" तिने उलट मलाच विचारलं.

डबे रिकामे करायला वेळच उरला नाही. मॅडम आल्या, फळीवरून नजर फिरवली आणि नेमका एक डबा उघडला. एक शंकरपाळी तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "हे असंच राहू दे."

पुढे सेल्स ऑफिसमधल्यांचा चारचा चहा त्या ओट्याशी व्हायला लागला. डबे संपले की मी घरी सांगायचे आणि आई भरून द्यायची. फ्लॅट बघायला ये म्हटलं की मात्र तिचे गुडघे दुखायचे.

टॉवरची विक्री संपत आली आणि सॅम्पल फ्लॅट मोडायचा दिवस आला. रोझलिन म्हणून गिरगावची एक मुलगी सेल्स ऑफिसमध्ये बसते. तिने आईचे डबे पुसून दिले आणि वर स्वतःचा प्लॅस्टिकचा डबा ठेवला, घरी केलेल्या नारळाच्या केकचा. "तुमच्या आईंना द्या," म्हणाली.

आईने केक खाल्ला, डबा घासून ओट्यावर पालथा घातला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत राहिली. सोमवारी साइटवर जाणारच आहे, देऊन येते, असं मी म्हटलं.

"तू नको," आई म्हणाली. "मीच येतंय. त्या पोरीक बघूया तरी."

सोमवारी रोझलिनचा डबा नानकटायांनी भरून, मांडीवर घेऊन ती टॅक्सीत बसली. मी इतक्या हौसेने सजवलेलं किचन तिला बघायला मिळालंच नाही, ओटासुद्धा काढून नेला होता. मला वाईट वाटलं, तिला नाही. ती रोझलिनशी तासभर बोलत बसली, केकात रवा किती घालतात इथपासून.

मला वाटतं, डबा परत द्यायला जिथे जावं लागतं तिथे आपलं घर असतं. परतताना टॅक्सीत आईला विचारलं, गुडघे कसे आहेत? पिशवी जपून धर, एवढंच ती म्हणाली. पिशवीत रोझलिनने भरून दिलेला दुसरा डबा होता.