मला पाहायला आलेले लोक दगड पाहत बसले

माझा पाहण्याचा कार्यक्रम नदीच्या घळीत झाला. घरी झाला नाही, याला कारण आमचं घर. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट असेल. आम्ही तेव्हा वाडीला, अमरावती रोडवर, एका गोदामाला लागून असलेल्या भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. दिवसभर दारासमोर ट्रक मागेपुढे होत. आधीच्या एका स्थळाच्या वेळी मुलाच्या वडिलांनी मला "स्वयंपाक येतो का?" असं विचारलं आणि नेमका हॉर्न वाजला. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा हॉर्न. शेवटी त्यांनी प्रश्न सोडला आणि पुढे स्थळही सोडलं.

म्हणून या वेळी आईनं ठरवलं, रोडगे करायचे, बाहेर, नदीवर. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर हाणायचे. आमच्याकडे लोक जमवायला याहून चांगलं निमित्त नाही. लग्न जमलं तर जमलं, नाही तर जेवण तरी कोणी हिरावून नेत नाही.

जागा मुलानंच सुचवली. तो कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. सावनेरच्या पुढे डोंगराळ भागात एक नदी खडक कापत खाली उतरते, तिथे तो दरवर्षी विद्यार्थ्यांना न्यायचा. त्या घळीत दगडाचे उभे खांब आहेत, पाहण्यासारखे आहेत, असा निरोप त्यानं पाठवला. मुलगी पाहायला येणाऱ्यानं उलट आपल्यालाच काहीतरी पाहायला बोलवावं, याचं आईला जरा नवल वाटलं.

मला नाही वाटलं. कारण मी त्याला आधी पाहिलं होतं. मध्यस्थ बाईंनी सीताबर्डीत सोय केली होती. त्यानं कापडाच्या दुकानासमोर उभं राहायचं आणि मी समोरून सहज गेल्यासारखं जायचं. मी गेले तेव्हा तो दुकानासमोर नव्हताच. किल्ल्याच्या टेकडीचा काळा दगड जिथे उघडा पडला आहे, तिथे तो उभा राहून दगडावरून हात फिरवत होता. त्याच्या पिशवीतली कोथिंबीर एक गाय निवांत खात होती आणि त्याला पत्ता नव्हता. मी घरी येईपर्यंत हसले. मग हसू थांबलं आणि तो मुलगा काही डोक्यातून जाईना. आधीच्या सगळ्यांनी मला इतकं निरखून पाहिलं होतं, की दुसरीकडे पाहणारा माणूस मला फारच आवडला. मला तो हवा होता. तेव्हा बोलायची सोय नव्हती, आता सांगते.

भीती एकच होती, बाबांची. बाबा सरकारी ओव्हरसिअर. रस्ते, पूल, भिंती यांवर देखरेख करण्यात त्यांची सारी नोकरी गेली आणि देखरेख म्हणजे त्यांच्या मते ओरडणं. ते लग्नाला गेले की आधी मांडवाचे खांब पाहत. पाहुण्यांच्या घरी चहा घेताना डोळा बारीक करून भिंतीकडे बघत आणि "ओळंबा चुकला" म्हणत. आधीची काही स्थळं ट्रकांनी घालवली असतील, बाकीची या ओळंब्यानं घालवली.

शेजारच्या ट्रकवाल्यानं ट्रक दिला. मागच्या हौद्यात सतरंजी टाकून आम्ही बसलो. बाबा, आई, मी, तो मुलगा आणि त्याची आई. त्याचे वडील वारले होते. त्याची आई बारीक अंगाची, कमी बोलणारी. माझी आई काहीही म्हणाली की त्या "हो हो" म्हणत. ऊन बरं आहे? हो हो. ट्रक फार उडतो? हो हो. आईला अशी विहीण मिळणार म्हणून भरून आलं होतं.

घळीत उतरलो आणि मी सुद्धा आ वासला. नदीच्या दोन्ही काठांना काळे खांब उभे होते, एकाला एक चिकटून, खालपासून वरपर्यंत सरळ. प्रत्येकाला कोपरे. काही मधूनच तुटलेले, त्यांची डोकी फरशीसारखी सपाट. आईनं लगेच एका सपाट डोक्यावर परात ठेवली आणि वाळूत गोवऱ्या रचायला घेतल्या.

बाबा मात्र जागचे हलले नाहीत. बराच वेळ त्यांनी इकडून तिकडे मान फिरवली. मग म्हणाले, "एवढा घडीव माल! अन् पहारेकरी कोणीच नाही?"

"पहारेकरी कशाला, काका?" मुलानं विचारलं.

"कोण्या ठेकेदाराचा आहे हा?"

"कोणाचाच नाही. आपोआप झालं हे."

बाबांच्या आयुष्यात आजवर आपोआप काहीच झालं नव्हतं. त्यांनी खिशातून टेप काढला. मुलगा उत्साहानं सांगू लागला की फार फार पूर्वी इथे जमिनीतून लाव्हा वर आला, पसरला, हळूहळू थंड झाला. थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. तळं आटलं की चिखलाला पडतात तशाच, फक्त या खोलवर गेल्या. आपली सीताबर्डीची टेकडीही याच दगडाची आहे.

"चिखलाच्या भेगा म्या पाहिल्या," बाबा म्हणाले. "त्या वाकड्यातिकड्या असतात. हे पाहा, ओळंब्यात आहे! दिवसभर ओरडलो तरी माझ्या मिस्त्र्याले असं जमत नाही. अन् तुम्ही म्हणता थंड झालं म्हणून सरळ झालं? आमच्या घरी वरण रोज थंड होते. त्याचे खांब काहून नाही होत?"

"माझ्या वरणाले मधात आणू नका," गोवऱ्यांजवळून आई म्हणाली.

वाद वाढत गेला. बाबांच्या मते एका ठेकेदारानं पुलासाठी माल घडवून आणला, काम नामंजूर झालं आणि तो पळाला. मुलगा लाव्हा सोडेना, बाबा ठेकेदार सोडेनात. मी मान खाली घालून रोडग्यांची राख झटकत होते. मला तसंच बसायला सांगितलं होतं. तेवढ्यात मुलाच्या आईनं त्याला कोपरानं ढोसलं. मी पाहिलं. एकदा ढोसलं, मग पुन्हा जोरात.

"तसं... तुमचंही बरोबर असेल, साहेब," तो म्हणाला. काकांचे एकदम साहेब झाले. "मजूर लावून केलं असेल. कोण्या जमान्यात."

माझं डोकं फिरलं. "तुम्ही खोटं काहून बोलून राहिले?" मी ओरडले. हातात गरम रोडगा होता, तो या हातातून त्या हातात करत मी उभीच राहिले. "कॉलेजात पोरांना लाव्हा सांगता अन् इथं मजूर? आज दगडाले हो म्हटलं, उद्या माझ्या भाजीले चांगली म्हणाल, तं म्या त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

आईनं कपाळावर हात मारून घेतला. पिठाचा पंजा उमटला. मला वाटलं, आता बाबा माझ्यावर तुटून पडणार. पण ते मुलाकडेच पाहत होते.

"पोरगी बरोबर म्हणून राहिली," ते म्हणाले. "ज्या ज्या ठेकेदारानं मले हो साहेब म्हटलं, त्याची भिंत पहिल्याच पावसात बसली." मग आईला म्हणाले, "वाढा. जेवून निघू."

आमच्या घरात याचा अर्थ स्थळ संपलं असा होता. मी खाली बसले. बाबांच्या बाजूनं बोलला म्हणून बाबांनी त्याला नापास केलं आणि हे माझ्याच तोंडानं झालं. मला रडू यायला लागलं, आणि धुराचं निमित्त आयतं समोर होतं.

मुलगा लालबुंद झाला होता. आता त्याच्याकडे घालवायला काही उरलं नव्हतं. तो एकदम म्हणाला, "लाव्हाच आहे!" आणि एका तुटक्या खांबावर चढला. "तुम्हाला पटो न पटो. लाव्हाच आहे हा!" मग त्यानं शिकवायलाच सुरुवात केली. आम्ही त्याचे विद्यार्थी आणि समोरचा कडा म्हणजे फळा. कड्याकडे बोट दाखवत तो एका खांबावरून मागच्या खांबावर, तिथून त्याच्या मागच्या खांबावर, असा उलटा चालत राहिला. मला खांब संपताना दिसत होते. मी "अहो!" म्हणाले. लग्नाआधी त्याला अहो म्हटलं ते तेवढंच, आणि त्यानं ऐकलं नाही. "आकुंचन" हा शब्द अर्धा बाहेर पडला आणि तो डोहात पडला.

बाबांनी बुटांसकट उडी मारली. पाणी छातीएवढंच होतं, पण थंडीचे दिवस होते. बाबांनी त्याची कॉलर धरली, त्याला खडकाला टेकवलं, आणि आम्ही काठावरून "बाहेर या, बाहेर या" ओरडत असताना त्याला विचारलं, "लाव्हा आहे तं कोपरे सगळ्याले सहाच काहून?"

"सहाच नाहीत!" दात वाजवत तो ओरडला. "पाच पण आहेत. सात पण आहेत. मोजा ना तुम्ही!"

"मोजतो!"

आणि ते दोघं पाण्यात उभे राहून मोजायला लागले. बाबा एकेका खांबावर हात फिरवत, कोपरा लागला की मोठ्यानं आकडा म्हणत आणि पुढच्या खांबाकडे सरकत. मुलगा थरथरत त्यांच्या मागे. काही वेळानं बाबांचा आवाज बारीक होत गेला. मग थांबलाच.

"माणसानं केलं असतं तं सगळे सारखे केले असते," ते म्हणाले. "असा घोळ करणारा मिस्त्री म्या कामावर ठेवलाच नसता." मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे याच्यावर देखरेख कोणाचीच नव्हती? ओरडायले?"

"नाही, काका. फार सावकाश थंड झालं, म्हणून इतकं नीट झालं."

बाबा खांबाला हात लावून उभे राहिले. "अन् मी सारी नोकरी ओरडून राहिलो," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना क्वचितच पाहिलं होतं. काठावर चढता चढता त्यांनी आईला सांगितलं, "पोरगा पक्का आहे. आत्ता पक्का झाला."

माझे डोळे पुन्हा भरले आणि या वेळी धूरही नव्हता.

पण मुलाच्या आईचा होकार राहिलाच होता. मी ओरडल्यापासून त्यांनी हो हो सुद्धा म्हटलं नव्हतं. त्या जरा दूर, एका खांबाला टेकून मुलाचा ओला शर्ट पिळत बसल्या होत्या. आईनं मला डोळ्यांनीच ढकललं. मी ताट घेऊन गेले, त्यांच्यासमोर ठेवलं आणि तिथेच उकिडवी बसले.

त्यांनी शर्ट खडकावर पसरला. मग माझ्याकडे पाहिलं. "तू त्याच्यावर अशीच ओरडशील का वं?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. पण नुकतंच मी दुसऱ्याला खोटं बोलल्याबद्दल झापलं होतं. "ते खोटं बोलले तं ओरडीन," मी म्हणाले.

त्यांनी ताट जवळ ओढलं. रोडगा फोडला, तुपात बुडवला.

"याच्या बापाले म्या जन्मभर हो म्हटलं," त्या म्हणाल्या. "चुकले तरी हो. म्या म्हटलं असतं नाही, तं कदाचित ऐकलंही असतं त्यांनी. कोणाले माहीत." मग तो तुपाचा घास त्यांनी माझ्या तोंडात घातला. "तू ओरड बाई. अन् मलेही शिकव."