सगळे शब्द एकाच्या नावावर

ज्यांच्याजवळ लॅपटॉप नव्हते, अशा माणसांसाठी मी गिट निवडलं.

गिट म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याचा माग ठेवणारं साधन. आम्ही काही जण हौसेनं, फुकट, मोबाईलवरचा गोंडी शब्दकोश करत होतो. कोणीही वापरावा, कोणीही भर घालावी असा. साधन कोणतं घ्यायचं यावर आम्ही शहरातल्या मंडळींनी ऑनलाइन बैठकांत एकमेकांचे गळे धरले. मी जिंकलो. चंद्रपुरात पंख्याखाली बसून मला वाटलं, जगातल्या मोठमोठ्या कामांना जे चालतं ते, जिथून आमचे शब्द यायचे त्या आलापल्लीला काऊन नाही चालणार? लगेच फतवा काढला: व्हॉट्सॲपवर आलेले शब्द घेतले जाणार नाहीत.

आलापल्लीत आमच्यातल्या एकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. स्क्रू ड्रायव्हर कानावर, आणि राग आला की समोर असेल तो फोन उघडायला घ्यायचा, बिघडलेला असो की नसो. आम्ही त्याला भाई म्हणायचो. आसपासच्या गावांतली माणसं त्यानंच जमवली होती. रिचार्जला आलेल्याला तो शब्द विचारल्याशिवाय सोडत नसे. माझं बोलणं मात्र एकाच प्रश्नानं तोडायचा, "कोनासाठी भाऊ?"

फतवा ऐकूनही त्यानं तेच विचारलं. उत्तर म्हणून मी दुकानातच प्रशिक्षण घेतलं. काळ्या स्क्रीनवर कमांडा लिहून दाखवल्या. जमलेल्या बाया पाहुण्याच्या भाषणाकडे बघतात तशा अदबीनं बघत राहिल्या.

पुढं व्हायचं तेच झालं. लॅपटॉप एकट्या भाईकडे. सगळे येऊन सांगायचे, तो टाइप करायचा. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एक बाई पावसाळाभर आल्या, सात्यांची, म्हणजे रानातल्या आळंब्यांची, वेलींची, पाखरांची नावं घेऊन. शब्दकोश निघाला. त्यात 'शब्द कोणी दिले' असं एक पान होतं, ते गिटच्या नोंदीवरून आपोआप भरायचं. बाई घरच्यांना घेऊन आपलं नाव बघायला आल्या. पानावर एकच नाव. भाईचं.

गावांत बोलणं सुरू झालं, दुकानदारानं आमचे शब्द आपल्या नावावर केले. आणि दुकानदाराचा धर्म वेगळा असला की असल्या बोलण्याला पाय लवकर फुटतात.

त्यानं मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. "मले चोर बनवलं तुमी. बापाच्या टायमापासून या बाजारात आहो. कोनाचा एक स्क्रू नाई ठेवला."

आता माझं उत्तर ऐका. मी म्हणालो, गिटमध्ये सहलेखक जोडायची कमांड आहे.

ती कमांड मी समजावत असताना त्यानं टेबलावरचा माझा फोन उघडला. स्क्रीन, बॅटरी, बोर्ड ओळीनं मांडले, पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या हातात दिली. "जोडाची कमांड असन ना तुमच्याजवळ."

परतीच्या बसमध्ये मी त्याच्यावर धुमसत होतो. गोंडपिपरी येईपर्यंत तो राग योग्य माणसापर्यंत पोचला. अजून तिथंच आहे. त्या बैठकांत आम्ही वेगावर बोललो, सोयीवर बोललो, कोणती कंपनी काय वापरते यावर तर तासन्‌तास बोललो. टाइप कोण करणार, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. ज्यानं विचारलं त्याला आम्ही बैठकीला बोलावलंच नव्हतं.

भाईनं शब्दकोशाची प्रत घेतली, खुल्या कामात तो हक्क कोणालाही असतो, आणि वेगळी चूल मांडली. आधी घरोघरी हिंडून प्रत्येक शब्दाला देणाऱ्याचं नाव परत लावलं. आता माणूस फोनवर बोलून पाठवतो: आधी स्वतःचं नाव, मग गावाचं, मग शब्द. माझा फोन भाई उचलत नाही.

परवा मी माफी मागायला गेलो. त्याची खुर्ची रिकामी होती. तो शब्द गोळा करायला एटापल्लीकडे गेला होता. दुकानात अंगणवाडीच्या बाई फोन कानाला लावून आलेले शब्द ऐकत होत्या. मी म्हणालो, मलाही काम द्या, काहीही चालेल.

त्यांनी फोन खाली केला. "गोंडी येते?"

"नाही."

"मंग इतके दिवस तुमी करत काय होते?"