मल्लीच्या पुड्यातली गार पिशवी

आमच्या घरात फ्रीजमधली कुठलीही गोष्ट खासगी नसते, हे मला लग्नाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून मला बसणं नकोसं झालं होतं. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, "जेलची पिशवी फ्रीजमध्ये गार करा, कापडात गुंडाळा आणि दहा मिनिटं तिच्यावर बसा." सोपं! पण सासूबाईंना काय सांगू? (घरात मी 'कंबर' सांगून ठेवली होती. कंबर कशी, सभ्य असते!) म्हणून ती पिशवी केळीच्या पानात बांधून मल्लीच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, फुलांशेजारी ठेवली. तंजावरात फुलांचा पुडा उघडून कोण बघतो?

शुक्रवारी सासूबाईंची धाकटी बहीण पापनाशमहून आली, जेवली, निघाली. संध्याकाळी भजनाला दोन तास मांडी घालायची होती, म्हणून मी घाईनं फ्रीज उघडला. पिशवी गायब!

"आई, इथला पुडा?"

"पानसुपारी-नारळाच्या तांबूलात घालून मावशीला दिला की! सवाष्णीला फुलं न देता पाठवू?"

मी बसस्टँडकडे धावले. (त्या दुखण्यात माझं धावणं म्हणजे बदकाची शर्यत!) मावशी बसच्या खिडकीशी पुडा सोडत होत्या.

"अय्यो! ही कसली निळी मल्ली?"

"मावशी, माझं औषध आहे ते. कंबरेचं!"

त्यांनी पिशवी लगेच कंबरेला लावली. "आहा, किती गार! माझी पण कंबर दुखते गं. राहू दे ना मलाच!"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. माझा धीर सुटला.

"मावशी, कंबर नाही हो! खाली दुखतं! त्यावर बसायचं असतं!"

नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं. सगळी बस माझ्याकडे वळली. मेल्याहून मेल्यासारखं झालं!

मावशी मात्र हळूच म्हणाल्या, "अगं, बाळंतपणापासून मला तेच आहे. सांगणार कुणाला?" आणि पिशवी टॉवेलात गुंडाळून तिच्यावर ठाण मांडून बसल्या. मागून दोघी वाकल्या, "अक्का, कुठं मिळतं हे?" तेवढ्यात इंजिन सुरू झालं, बस गेली.

त्या संध्याकाळी मी दोन तास उभी राहून झांजा वाजवल्या. सासूबाई अख्ख्या गल्लीला सांगत होत्या, "बघा आमच्या सुनेची भक्ती! खाली बसत म्हणून नाही!"

मीही डोळे मिटून घेतले. भक्तीनं!