नानांवर ठेवलेला विश्वास

काकूचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या घरून कामावर निघायच्या गडबडीत होते. "नाना गेले गं," एवढंच ती बोलली. मी उलट तिलाच म्हटलं, काहीतरीच काय, परवाच तर बोलले माझ्याशी, बरे होते. आता दीड महिना होत आला, तरी माझंच ते वाक्य डोक्यातून जात नाही... बरे होते, हे मला कुणी सांगितलं होतं? नानांनीच.

नाना माझे थोरले काका. मी चौथीत असताना वडील गेले, तेव्हापासून भिवंडीजवळच्या अंजूरला त्यांच्याच घरात वाढले. आजूबाजूच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, पण नाना साठी उलटेपर्यंत नारपोलीच्या कापड कारखान्यात बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करायला जात राहिले. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी तिथे जायची. कारागीर सांगायचा, "चाचा, लूम एकदम ठीक है." नाना मान डोलवायचे आणि तरीही चालत्या मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. हाताला कळल्याशिवाय ते कुणाचं ऐकत नसत.

घरीही तेच. एकदा चहा कोमट आहे म्हणून त्यांनी मला चक्क कढत चहा दिला. जीभ भाजली, मी भोकाड पसरलं, तर हा माणूस हसतोय. "कुनावर इस्वास ठेवायचा न्हाय. माज्यावर पन न्हाय." मी तेव्हा सातवीत, वाद घालण्यात पटाईत. विचारलं, मग तुमचं हे सांगणं तरी का ऐकू? ऐकलं तर तुमच्यावर विश्वास ठेवल्यासारखंच झालं की. नानांनी डोकं खाजवलं आणि काकूला हाक मारून सांगितलं, पोरगी तयार झाली. पुढे तो आमचा खेळच होऊन बसला. ते म्हणायचे दार लावलंय, मी उठून बघायची. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा चांगला आहे असं त्यांनीच सांगितलं, आणि वर त्यांनीच बजावलं की जा, तू स्वतः चार वेळा भेटून ये.

ते जाण्याच्या दोन दिवस आधी, रविवारी मी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. छातीत जड वाटतंय म्हणाले. मी येऊ का विचारलं, तर लगेच, "ग्यास हाय गं. मी बरा हाय. येऊ नको." आणि मी विश्वास ठेवला. फोनवर तळहात कुठे ठेवणार, असं नंतर स्वतःला समजावून पाहिलं, पण ती पळवाट आहे. जाता आलं असतं. सुट्टी होती, धुण्याचा ढीग पडला होता आणि नाना बरे असणं माझ्या सोयीचं होतं. जन्मभर ज्यांचा एक शब्द पारखल्याशिवाय घेतला नाही, त्यांचं नेमकं हेच मी मुकाट्याने ऐकलं. मला माझा राग येतो... आणि खरं सांगते, त्यांचाही येतो.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर काकू माझ्याजवळ येऊन बसली. सांगू की नको, असं तिचं चाललं होतं. मग म्हणाली, रविवारी माझा फोन ठेवल्यावर नानांनी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि जुन्या रिपोर्टांची पिशवी घेऊन दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. तिच्याबरोबर दवाखान्यात जायला तयार होईनात.

"मी बोलले, ती कशाला येतेय आता, तुमीच नको बोललात ना. तर हसले. बोलले, येल ती. माज्या बोलन्यावर इस्वास ठेवायची न्हाय ती."

दिवेलागणीला काकूने त्यांना आत आणलं. सोमवारीही ते तसेच पिशवी घेऊन बसले होते.

परवा मी अंजूरला गेले होते. नाना बसले होते तिथेच ओट्यावर बसून राहिले. तिथून भिवंडीहून येणारी प्रत्येक रिक्षा दिसते; मीही नेहमी तशाच रिक्षाने येते. वळणावर ती हळू होते, कोण उतरतंय ते दिसतं, आणि मग ती पुढे निघून जाते...